अंध मुलांसाठी पहिली मॅरेथॉन : कोकणात राहून तयारी कशी करावी

मॅरेथॉन पळायची आणि त्या निमित्ताने अंध मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायचा, असं ठरवलं असेल तर बूट घेण्याआधी शाळेत जाऊन या. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती हे अंध मुलांचं निवासी विद्यालय आहे. तुमच्या जवळ दुसरी संस्था असेल तर तिथे जा. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, कशासाठी पैसे हवेत? वाढदिवसाला गोडधोड वाटायला पुष्कळजण येतात. ब्रेलचा जाड कागद, पांढऱ्या काठ्या, वसतिगृहाचं वीजबिल यांची आठवण फारशी कुणाला होत नाही. गरज कळली की तिच्यावरून रक्कम ठरवा.

संस्थेची नोंदणी आणि ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, मान्यता तिथेच पाहून घ्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत, तुमच्या फोनवर एक रुपयाही नको. प्रवेश फी, बूट, रेल्वेचं तिकीट हा खर्च तुमचा. मुलांचे फोटो परवानगीशिवाय फिरवू नका आणि आवाहनात ‘बिचारी’ हा शब्द तर नकोच.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, अंतर ४२.१९५ किलोमीटर. न थांबता दहा किलोमीटर पळता येत असेल तर ऑगस्टमध्ये सराव सुरू करा. नोंदणीची मुदत आणि अटी त्याआधीच वाचा. काही स्पर्धा आधीच्या शर्यतीची वेळ मागतात.

आता पैशांचं. शर्यत जानेवारीत असली तरी निधी गोळा करायचा तो गणपतीत. चाकरमानी गावात असतो, मन मोकळं असतं आणि आरतीच्या निमित्ताने तुम्ही घरोघर जाताच. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड छापून जवळ ठेवा आणि किलोमीटरमागे दर सांगा : दहा रुपये म्हटले की ४२० होतात, शंभर म्हटले की ४२००. नुसतं ‘मदत करा’ म्हटलं की माणूस पन्नासाची नोट काढतो. ‘अर्ध्यात थांबलास तर?’ हा प्रश्न हमखास येणार. देणगी शाळेला आहे, माझ्या पायांना नाही, असं तिथल्या तिथे सांगून टाका. वाडीच्या मुंबई मंडळाच्या बैठकीतही विषय घ्यायला लावा. तिथे एकाने आकडा बोलला की दुसरा मागे राहत नाही. आखातातले नातेवाईक भारतीय पासपोर्टवर असतील तर बँकेतून देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. करसवलतीचं आमिष सरसकट दाखवू नका : नव्या करप्रणालीत ८०जी मिळत नाही आणि रोख २००० रुपयांच्या वरच्या देणगीला ती कुठेच नाही.

पळण्यासाठी किनारा चांगला, पण ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी लांब गेलेलं असतं आणि ओली, घट्ट पुळण मिळते. अष्टमीला, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असणाऱ्या दिवसांत, त्याच वेळी भरती असते. मग सड्यावरचा, डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, रस्ता धरा. पुळणीच्या उतारावर एकाच दिशेने पळत राहिलात तर एका बाजूचा गुडघा कुरकुरतो, म्हणून जितकं जाल तितकंच उलट या. सगळा सराव वाळूत नको, शर्यत डांबरावर आहे.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पहाटे निघा आणि शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. लांबच्या पळण्यात मीठ घातलेलं कोकम सरबत जवळ असू द्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि ते धोक्याचं असतं. आठवड्यातून एकदा लांब पळा, अंतर हळूहळू वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. डिसेंबरअखेर ३० ते ३२ किलोमीटर झाले की पुरे. शेवटचे तीन आठवडे सराव उतरवत न्यायचा. तेव्हा पाय शिवशिवतात, शिवशिवू द्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा, डॉक्टर गाठा.

मुंबईला शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत पोचा, बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायचा असतो. नवे बूट, नवं खाणं त्या दिवशी नको. सुरुवातीला गर्दी ओढून नेते, तिला पुढे जाऊ द्या. पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर येतो. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत वाढलेल्याने त्याचा धसका घेऊ नये, पावलं लहान करावी.

परतल्यावर आठवड्याभरात शाळेकडून जमा रकमेचा आकडा घ्या आणि प्रत्येक देणगीदाराला कळवा. वेळ किती लागला ते कुणी विचारलं तरच सांगा. सवलतीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर येतं. ज्यांना ते हवंय त्यांनी आपला पॅन शाळेकडेच द्यावा.