वाकड्या पावलाचं बाळ: प्लास्टर आणि बुटांसाठी घरची तयारी

जन्मतः पाऊल आत वळलेलं असणं, म्हणजे क्लबफूट, साधारण हजार बाळांमागे एकाला असतं. आमच्या लेकीचा डावा पाय तसा होता. पोन्सेटी पद्धतीने बहुतेक पावलं मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. दर आठवड्याला बोटांपासून मांडीपर्यंत नवं प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टरं. मग टाचेमागची आखडलेली शीर, म्हणजे स्नायूचा दोर, छोटासा छेद देऊन सोडवायची, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, आणि त्यानंतर दांडीला जोडलेले बूट, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. सगळं घर प्लास्टरला घाबरतं. माझ्या मते खरी तयारी बुटांची करावी लागते, कारण प्लास्टर डॉक्टर घालतात, बूट आपल्याला घालायचे असतात.

सुरुवात घरातल्या माणसांपासून करा. आमच्याकडे बाळ बघायला आलेल्या बायकांनी मला पहिलं हेच विचारलं, ग्रहण पाळलं नव्हतंस का? विळीवर काही चिरलंस का? ओली बाळंतीण असताना ते ऐकून मी रात्र-रात्र रडले आहे. ग्रहणाचा आणि पावलाचा काही संबंध नाही. नेमकं कारण बहुतेकदा सापडतच नाही. म्हणून पहिल्या ओपीडीला सासूबाईंना सोबत न्या. आमच्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. तेल चोळणाऱ्या बाईलाही आधीच सांगून ठेवा की मालिश करून हे पाऊल सरळ होत नाही. वाट बघण्यात आठवडे घालवू नका. पहिल्या काही आठवड्यांत पाय मऊ असतो, तेव्हाच सुरुवात चांगली.

आम्ही गोव्यातले. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचं तर डिचोलीहून आम्ही पहिली बस धरायचो आणि पणजीला बदलायचो. पिशवीत दोन जास्तीची लंगोटं, मोठं दुपटं, बाळाची फाईल, लसीकरणाचं कार्ड आणि आपल्यासाठी पाण्याची बाटली एवढं पुरतं. दुधाची वेळ मात्र जुळवून आणा. प्लास्टर घालताना बाळ भुकेलं असलं तर पिता पिता शांत पडून राहतं. नवरा, आई, बहीण, कोणीतरी दुसरं माणूस सोबत हवंच. आणि आदल्या रात्री घरी प्लास्टर भिजवून काढू नका. मधल्या काही तासांतही पाऊल मागे फिरू लागतं. जुनं निघालं आणि नवं अजून चढलं नाही, तेवढ्यात ओल्या फडक्याने पाय पुसायला मिळतो का ते विचारा. आठवडाभर न दिसलेला तो छोटासा पाय हातात घेता येतो.

लसीचं कुणी आधी सांगत नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या बहुतेक टोचायच्या लसी मांडीत देतात, आणि मांडी तर प्लास्टरमध्ये असते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना तारखा आधी दाखवा आणि कुठल्या मांडीत टोचायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

ओलं प्लास्टर पुरतं सुकायला दिवसभर लागतो, आमच्या पावसाळ्यात तर जास्तच. तोवर पाय मऊ उशीवर, उघडा, पंख्याखाली. लंगोट प्लास्टरच्या काठाच्या वर घट्ट बसवा, शू आत झिरपली की कातडी खराब होते. अंघोळ नाही, पुसून घ्यायचं. काठातून तेल किंवा पावडर आत घालू नका. बसमध्ये चढताना पायावर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरी आल्याबरोबर सोडा.

बोटं दिवसातून अनेकदा बघा. मी अंगठ्याचं टोक हलकं दाबायची, ते पांढरं पडायचं आणि दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायचं. तसं झालं नाही, बोटं निळी किंवा थंड पडली, सुजली, घाण वास आला, ताप आला, किंवा कालपर्यंत दिसणारी बोटं आत सरकली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघा. आमचं तिसरं प्लास्टर असंच घसरलं होतं आणि मी एक दिवस वाट बघितली. बघायला नको होती.

शीर सोडवायचं काम छोटं आहे, बहुतेकदा जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. आधी किती तास दूध द्यायचं नाही आणि नंतर दुखण्याचं औषध किती द्यायचं, ही दोन्ही उत्तरं लिहून घ्या.

आता बूट. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून बारा-चौदा तास. पाऊल परत वाकडं होण्याचं मोठं कारण बूट सुटणं हेच आहे. शिवण न टोचणारे सुती मोजे चार-पाच जोड आणा. बूट घालताना आधी घोट्यावरचा पट्टा आवळायचा, टाच तळाला टेकली का ते बघायचं, मग बाकीचे. टाच बसल्यावर बोटं कुठवर येतात तिथे बुटाच्या तळाला पेनने खूण करा. दुसऱ्या दिवशी खूण बोटांच्या पुढे दिसली तर टाच वर उचललेली आहे. लालसर डाग थोड्या वेळात जात असेल तर चालतं, फोड आला तर डॉक्टरांना दाखवा. दांडीला जुन्या साडीचा पट्टा गुंडाळा. आमच्या झोळीत दांडी अडकायची, म्हणून आम्ही जमिनीवर गादी घातली.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडेल. दोन्ही पाय एकत्र धरून वाकवा-सरळ करा, दांडीसकट खेळवा, त्याला हळूहळू जमतं. पण रडलं म्हणून बूट काढला, की रडल्यावर बूट निघतो हे ते लगेच शिकतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरलेलं असतं. गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली जो तो बाळाला उचलतो आणि म्हणतो, सणाचे दिवस, दोन दिवस तरी काढा ते बूट. त्यांना काय उत्तर द्यायचं ते दोघांनी आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे ते माझ्या नवऱ्याने दिलं, आपल्या काकांनाच, पाहुण्यांसमोर. आणि पुढच्या मापाचे बूट चवथीच्या आधीच सांगून ठेवा. पाय वाढायला सण बघत नाहीत.