नाचणाऱ्या मुलींनो, नाटकात येताना

नाचात विशारद झाल्यावर पुढे काय, हे विचारायला माझ्याकडे मुली येतात. बरोबर बहुतेक वेळा आई असते, आणि खरा प्रश्न तिचाच असतो. मी कथक शिकले, मग नाटकांत कामं केली, गाणी बसवली आणि आता नाटकं बसवते. यात सगळ्यांत अवघड गेलं ते नाचाकडून अभिनयाकडे येणं. म्हणून त्याबद्दलच जास्त सांगते.

आधी परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत ७ परीक्षा आहेत. मध्येच सोडू नका. हातावर ताल धरून नाचाचे बोल म्हणायचा, म्हणजे पढंतीचा, मुलींना कंटाळा येतो. पण माझा आवाज मोकळा झाला तो पढंतीमुळेच. तीनतालाच्या १६ मात्रांत बोल स्वच्छ टाकणारी मुलगी संवादातली शेवटची अक्षरं खात नाही.

पहिलं नाटक मला मिळालं ते त्यात एक नाच होता म्हणून. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेलं हौशी नाटक होतं. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये, रात्री साडेआठनंतर, कारण निम्मे कलाकार नोकरीवरून यायचे. नाच दोन दिवसांत बसला. अडलं ते सासऱ्यांना पाणी आणून देण्याच्या प्रसंगात. मी विंगेतून यायचे, वाकायचे, तांब्या ठेवायचे आणि दिग्दर्शक थांबवायचे. "किती छान ठेवालीस! घरात कोण ठेवतंय असं?"

मला कळेचना. नाचात आपण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबतो आणि थांबलो की प्रेक्षकांना नीट दिसावं लागतं. ती सवय अंगात मुरलेली. मनगट वळायचं, मान तिरकी व्हायची, तांब्या खाली टेकला की मी क्षणभर तशीच. चौथ्या रात्री सरांनी तो रिकामा तांब्या उचलला, बाहेरच्या नळावरून काठोकाठ भरून आणला आणि म्हणाले, "आता आण. सांडायचं नाही." माझं सगळं लक्ष पाण्यावर. पावलं आपोआप सपाट पडली, मनगट घट्ट झालं, ठेवताना दुसरा हात तळाशी गेला. सर "हं" म्हणाले आणि पुढचा प्रसंग सुरू केला. तेव्हापासून माझ्या तालमीत भाकरी थापायची असेल तर परातीत पीठ असतं, शिवायचं असेल तर सुईत दोरा असतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्याकडे कोल्हापुरात बायका सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मुंबईतल्या एका ऑडिशनला माझ्या तोंडून तेच गेलं आणि समोरचे हसले. मी खूप दिवस जपून जपून बोलत होते. पुढे गावाकडच्या बाईची भूमिका मिळाली ती त्याच बोलण्यामुळे. प्रमाण मराठी जरूर शिका, रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा, पण घरची बोली पुसून टाकू नका.

नृत्यदिग्दर्शनाकडे मी पैशांसाठी वळले. गॅदरिंगची गाणी, मग कोल्हापूरच्या मोरेवाडीतल्या चित्रनगरीत एका चित्रपटाचं गाणं. मी जीव ओतून तत्कार, म्हणजे पायांचं काम, बसवला आणि मॉनिटरवर पाहिलं तर फ्रेम कमरेच्या वर! तत्कारात सगळं पायांत असतं, आणि कॅमेऱ्यात पायच नाहीत. आता मी आधी कॅमेरामनला फ्रेम विचारते आणि मग स्टेप ठरवते. गाणं तुकड्यातुकड्यांत शूट होतं. मागच्या शॉटला ओढणी कुठल्या खांद्यावर होती, हे आपणही वहीत लिहायचं. व्यवहारही लिहूनच घ्या: शूटिंगचे दिवस किती, तालमीच्या दिवसांचे पैसे वेगळे का, मुली किती. एका निर्मात्यानं आमचे पैसे बुडवले. माझं सोसता आलं, पण ८ मुलींना मी शब्द दिला होता. ते मी खिशातून भागवलं, आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात माझा पहिला प्रयोग झाला. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत सापडलं. त्या रात्री आम्ही कितीतरी जण शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला नुसते उभे होतो. नव्या मुलींना सांगते, जिथं प्रयोग असेल तिथं एक तास आधी जा, रिकाम्या रंगमंचावर चाला, शेवटच्या रांगेत बसून या.

दिग्दर्शन करायला लागले तेव्हा नाचाची आणखी एक सवय आडवी आली. क्लासमध्ये आपण करून दाखवतो, मुली तसंच करतात. पहिल्या नाटकात मी सगळ्यांना सगळं करून दाखवलं. प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाहिलं तर पाचही पात्रं मान तिरकी करून बोलत होती. अगदी म्हातारा सुद्धा. आता मी तालमीत खुर्चीवरून उठत नाही, विचारते: तू आत्ता कुठून आलास? पायात काय आहे? जेवलायस का? उत्तर येईपर्यंत गप्प बसते. कधी कधी त्यातच अख्खी संध्याकाळ जाते.