क्यूजीआयएसमधून नकाशा एसव्हीजीत कसा काढायचा (तालुक्यांची नावं डबे होऊ न देता)

मागच्या वेळी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला खानदेशचा नकाशा फ्लेक्सवर छापायचा होता, जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ असे २५ तालुके, मध्ये आडवी तापी, खालून येणारी गिरणा आणि पांझरा. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात गेलो तर दुकानदार म्हणे, "भाऊ, इथं सगळे डबेच दिसू राहिले." म्हणजे नद्या, सीमा सगळं जागेवर आणि नावांच्या जागी नुसते चौकोन! चूक माझीच होती, एक्स्पोर्ट करताना एक पर्याय बघितलाच नव्हता.

आधी एसव्हीजी कशाला ते सांगतो. पीएनजी हा फोटोचा प्रकार, म्हणजे नुसते ठिपके, फ्लेक्सएवढा मोठा केला की तापीचा काठ पायऱ्यांसारखा दिसतो. एसव्हीजीत रेष रेषच राहते, कितीही ताणा. शिवाय नंतर इंकस्केपमध्ये (एसव्हीजी चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर) उघडून एखादं नाव सरकवायचं, रंग बदलायचा, हे सगळं जमतं.

आता क्यूजीआयएस उघडा. प्रोजेक्ट मेनूत "एक्स्पोर्ट मॅप टू इमेज" दिसतं त्याच्या नादी लागू नका, तिथून फोटोच निघतो. एसव्हीजी निघतो प्रिंट लेआउटमधून (छापायचं पान मांडायची वेगळी खिडकी), म्हणून कंट्रोल आणि पी दाबा, लेआउटला नाव द्या. त्याआधी प्रोजेक्टचं सीआरएस (जागा मोजायची निर्देशांक पद्धत) बघून घ्या, आपल्याकडे यूटीएम झोन ४३ उत्तर चालतो, कोड ३२६४३. तो न लावता साध्या अक्षांश-रेखांशात ठेवलं तर स्केलचं गणित धड लागत नाही.

लेआउटमध्ये पान ए३ आडवं घ्या, "ॲड मॅप" करून चौकोन ओढा, स्केलमध्ये १०००००० टाका. १ सेंटीमीटरला १० किलोमीटर, अक्कलकुव्यापासून रावेर-मुक्ताईनगरपर्यंत सगळं आरामात बसतं. स्केल दाखवायला पट्टी टाका, "१:१०,००,०००" असा आकडा लिहू नका. कारण दुकानदार नकाशा ताणून सहा फुटी करणार, पट्टी त्याच्यासोबत ताणली जाते पण लिहिलेला आकडा खोटा पडतो.

आता खरी गोम. लेयरची (नकाशाच्या एखाद्या थराची) ओपॅसिटी कमी करून तो पारदर्शक केला असेल किंवा ब्लेंड मोड (खालच्या रंगात रंग मिसळायचा पर्याय) लावला असेल तर क्यूजीआयएस तो भाग गुपचूप फोटो करून एसव्हीजीत टाकतो, नाव एसव्हीजी आणि आत मात्र ठिपकेच. लेबलला सावली दिली तरी तेच होतं, कारण सावलीला आधीपासूनच ब्लेंड मोड लावलेला असतो. तालुक्यांचा रंग फिकट हवा असेल तर लेयरची ओपॅसिटी १०० टक्केच ठेवा आणि सिंबॉलमध्ये जाऊन फिल कलर फिका करा. सातपुड्याचा उठाव दाखवायला हिलशेड (डोंगरांच्या सावल्यांचं चित्र) टाकली असेल तर ती फोटोच राहणार, तिला इलाज नाही, फाईलही जड होते. मी फ्लेक्ससाठी हिलशेड काढूनच टाकतो.

मग लेआउट मेनूतून "एक्स्पोर्ट ॲज एसव्हीजी". फाईलचं नाव दिलं की एक छोटी खिडकी येते, घाईत तिला ओके करून टाकतात तीच ही. "मॅप लेयर्स ॲज एसव्हीजी ग्रुप्स"वर टिक करा, म्हणजे इंकस्केपमध्ये नद्या वेगळ्या, सीमा वेगळ्या, नावानिशी सापडतात. "सिम्प्लिफाय" चालू ठेवा, डोळ्याला न दिसणारे बिंदू गळतात आणि फाईल हलकी होते. "ऑलवेज एक्स्पोर्ट ॲज व्हेक्टर्स" केलं तर सगळं जबरदस्तीने रेषांत निघतं, पण मग पारदर्शक भाग स्क्रीनवर होता तसाच येईल याची खात्री नाही.

राहिला टेक्स्टचा पर्याय, माझा घोळ इथेच झाला. "टेक्स्ट ऑब्जेक्ट्स" निवडलं तर अक्षर अक्षरच राहतं, नंतर खोडता-लिहिता येतं, पण समोरच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट लागतो. मी मुक्ता वापरला होता, तिथे तो नव्हताच. "पाथ्स" निवडलं की अक्षराची आकृती बनते, मुक्ताईनगरमधला "क्ता" किंवा शिंदखेड्याचा अनुस्वार कुठल्याही मशीनवर जसाच्या तसा राहतो, फक्त नंतर स्पेलिंग सुधारता येत नाही. म्हणून आता मी दोन फाईली काढतो, एक टेक्स्टवाली स्वतःकडे आणि एक पाथवाली दुकानासाठी. पाथवाली काढायच्या आधी २५ नावं मोठ्याने वाचून घेतो, एकदा "भडगाव"चं "भडगव" छापता छापता राहिलं.

तपासायचं कसं? इंकस्केपमध्ये उघडा, डिस्प्ले मोड आउटलाइन करा. रेषा दिसल्या तर बरोबर, कुठे फुली मारलेला चौकोन दिसला तर तिथे फोटो घुसलाय. इंकस्केप नसेल तर फाईल नोटपॅडमध्येही उघडते, एसव्हीजी म्हणजे शेवटी साधा मजकूरच, त्यात इंग्रजीत इमेज शब्द शोधा. सापडला आणि पुढे अक्षरांची लांबच लांब गिचमिड दिसली, की परत ओपॅसिटीकडे जा.