जुने फर्निचर आणि वाड्यांचे लाकूड घरात आणताना या चुका टाळा

पुण्यातल्या पेठांत, नाशिकच्या जुन्या गावठाणात किंवा वाईला एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा माती आणि विटा डंपरमध्ये भरण्यापूर्वीच सागवानी तुळया, खांब, दिल्ह्यांचे (चौकटीत बसवलेल्या फळ्यांचे) दरवाजे आणि गजांच्या खिडक्या विकल्या गेलेल्या असतात. हे लाकूड, तसेच मुंबईत मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात, जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्यात किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळणारे पलंग, कपाटे आणि खुर्च्या आता फ्लॅटच्या दिवाणखान्यांत दिसू लागल्या आहेत. पन्नास-साठ वर्षे धडधाकट राहिलेली वस्तू नव्या मालकाकडे आल्यावर दोन पावसाळ्यांतच खिळखिळी होते, तेव्हा दोष बहुधा लाकडाचा नसून कामाच्या क्रमाचा असतो. आधी कीड, मग जोड आणि सर्वांत शेवटी पॉलिश, हा सुतारकामातला साधा क्रम आहे. पण घर सजवण्याच्या उत्साहात तो उलटा होतो आणि पहिला फोन पॉलिशवाल्याला जातो.

खरेदीच्या वेळच्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे वस्तू फक्त समोरून पाहणे. समोरची बाजू विक्रेत्याने दाखवण्यासाठीच तयार केलेली असते. गडद पॉलिशखाली आंब्याचे लाकूड, भरलेली भोके आणि मागाहून लावलेला प्लायवूड सहज लपतो. म्हणून कपाट असेल तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहावी, मागची फळी पाहावी आणि खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालचे लाकूड पाहावे, कारण तिथे कुणी पॉलिश केलेले नसते आणि लाकडाचा खरा रंग दिसतो. जुन्या ड्रॉवरच्या पट्ट्या एका बाजूला जास्त झिजलेल्या असतात आणि खुर्चीचे हात जिथे तळवा टेकतो तिथेच गुळगुळीत होतात. सगळीकडे सारखी झीज आणि सगळीकडे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर ती वस्तू अलीकडे ‘जुनी’ केलेली असण्याची शक्यता धरावी. नवी वस्तू घेण्यात गैर काही नाही. मात्र किंमत नव्याचीच द्यावी.

पितळी म्हणून दाखवलेल्या कड्या आणि मुठी यांना चुंबक लावून पाहावा. पितळेला चुंबक चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो.

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ या लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डांचे वापरलेले फर्निचर दुरुस्तीसाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी लागून फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात घट्ट बसत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा पुढे जातो.

मापांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि घराचे दार ही तिन्ही मापे खिशात असल्याशिवाय बाजारात जाऊ नये. जुन्या पलंगांची मापे आजच्या तयार गाद्यांशी जुळतीलच असे नाही. गादी मापाने शिवून घेण्याचा खर्च आधीच धरावा. टेबल आणि खुर्च्या वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवत असाल, तर टेबलाचा वरचा भाग आणि खुर्चीची बैठक यांत साधारण १० ते १२ इंचांचे अंतर हवे, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी मांड्या टेबलाखाली अडकतात.

कीड न तपासता वस्तू घरात ठेवणे

आणलेली वस्तू त्याच दिवशी इतर फर्निचरशेजारी मांडू नये. बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात, पायांखाली काळा कागद पसरून ती दोन-तीन आठवडे ठेवावी. लाकडात नुसती बारीक भोके असणे हा धोका नव्हे, कारण कीड कित्येक वर्षांपूर्वी निघून गेलेली असू शकते. कागदावर ताजी, फिकट रंगाची पिठूळ पूड पडत राहिली, तर मात्र आतला किडा जिवंत आहे असे समजावे. पुडीऐवजी खसखशीएवढे कोरडे दाणे पडत असतील, तर ती सुक्या लाकडात राहणारी वाळवी असते, आणि ते काम घरगुती उपायांचे नाही. कीडनियंत्रण करणाऱ्या जाणकाराला बोलवावे.

सागाचा गाभा सहसा पोखरला जात नाही. किडा धरतो तो बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला, आणि स्वस्त फर्निचरमध्ये मागच्या पट्ट्या व आतल्या आधाराच्या काठ्या याच लाकडाच्या असतात. बोररसाठी, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्यासाठी, मिळणारे औषध सिरिंजने प्रत्येक भोकात सोडावे, वस्तू काही दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी आणि मग भोके मेणाने किंवा लांबीने (पुटीने) बुजवावीत. हे सारे पॉलिशच्या आधी करायचे असते, कारण पॉलिशचा थर चढल्यावर औषध लाकडात मुरत नाही. रॉकेल ओतण्याचा जुना उपाय मात्र सोडून द्यावा. त्याने वास राहतो, आगीचा धोका वाढतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

कारागीर वेळ वाचवण्यासाठी खालची आणि मागची बाजू कोरी सोडतात, ही चूक आवर्जून टाळावी. पूड पाडणारा भुंगा उघड्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालतो. शिवाय एकाच बाजूला पॉलिश असलेली फळी पावसाळ्यात एका अंगाने ओल ओढते आणि वाकते.

डुगडुगणाऱ्या खुर्चीत खिळा मारणे

जुन्या फर्निचरचे सर्वाधिक नुकसान या एका खिळ्याने होते. खुर्चीचा जोड म्हणजे आडव्या पट्टीचे कूस, म्हणजे तिच्या टोकाला कोरलेली जीभ, पायाच्या खाचेत बसवलेले असते आणि त्या दोहोंना सरस, म्हणजे जुन्या पद्धतीचा डिंक, धरून ठेवतो. सरस वाळून भुगा झाला की कूस खाचेत हलू लागते. अशा वेळी बाहेरून मारलेला खिळा जोड घट्ट करत नाही; लाकूड हवेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावते, खिळा तसाच राहतो, आणि काही महिन्यांत पाय खिळ्याच्या रेषेत उभा चिरतो. चिरलेल्या पायाची दुरुस्ती सैल जोडापेक्षा कितीतरी अवघड आणि महाग असते.

दुसरी, तितकीच प्रचलित चूक म्हणजे फटीत फेविकॉल ओतणे. नवा डिंक लाकडाला धरतो. जुन्या सरसाच्या किंवा वाळलेल्या फेविकॉलच्या थराला तो धरत नाही. म्हणून खुर्ची पूर्ण सुटी करावी लागते. प्रत्येक भागावर खडूने खूण करावी, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि रबरी हातोडीने जोड हळूहळू उकलावेत. सरस तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो आणि गरम पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे ठेवले की मऊ पडून खरवडता येतो. कूस झिजून बारीक झाले असेल, तर त्याच्या दोन्ही गालांवर लाकडाची पातळ पट्टी चिकटवून, ती तासून, हाताने दाबल्यावर बसेल इतपत माप आणावे. भुसा आणि फेविकॉल कालवून भोक भरणे हा काही भक्कम उपाय नव्हे.

डिंक लावून जोड बसवल्यावर ते दाबून धरायला शिकंजे नसतील तरी अडत नाही. चारही पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्यावेत, त्यात काठी घालून पीळ द्यावा आणि काठी पट्टीला अडकवून ठेवावी. मात्र पीळ देण्यापूर्वी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून बैठकीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे नसतील, तर खुर्ची तिरकी वाळेल आणि एक पाय कायमचा अधांतरी राहील. सांडलेला डिंक ओल्या फडक्याने त्याच वेळी पुसावा, कारण तो राहिलेल्या जागी पॉलिशचा डाग उठतो. खुर्ची रात्रभर तशीच ठेवावी.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा प्रकार वेगळा आहे. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणलेली चौदा क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी राहत असे, आणि या घराण्यातल्या खुर्च्या आजही स्क्रूवरच उभ्या असतात. त्या सैल झाल्या की आधी स्क्रू आवळून पाहावेत. भोक मोठे झाले असेल तर त्यात डिंक लावून लाकडी खुंटी बसवावी आणि नवे भोक पाडावे. वाकवलेल्या कमानीत खिळा मारल्यास ती हमखास फुटते.

खरवडण्याची घाई

वस्तू घरी आली की घासकागद हाती घ्यायचा, ही सवय इतकी रुजली आहे की घासण्याची गरज आहे का, हे कुणी विचारतच नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने जुने मेण आणि तेलकट मळ काढल्यावर पुष्कळ वस्तू आहेत तशाच सुंदर दिसतात. त्यानंतर न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडे स्पिरिट लावून पाहावे. मिनिटभरात जागा चिकट झाली, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे, आणि ते खरवडण्याची आवश्यकता नसते; चपड्याचा नवा पातळ हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. याच थरावर पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) मारण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मेणाचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर पीयू नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे निघतात.

घासायचेच असेल, तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे आणि व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असल्यास मशीन लावू नये. आजचे व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि एकदा खालचा प्लाय दिसला की परतीचा मार्ग उरत नाही. पांढरट वर्तुळाकार डाग बहुधा पॉलिशच्या थरातच असतात. काळे डाग मात्र लोखंड आणि पाणी यांच्या संयोगाने लाकडात उतरलेले असतात आणि ते घासून जात नाहीत. त्यासाठी ऑक्झॅलिक अॅसिडचे पाणी वापरतात, पण ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत, नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसावे आणि वाळलेली पूड श्वासात जाऊ देऊ नये.

रंगवलेल्या वस्तूंबाबत अधिक सावध राहावे लागते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये आणि हीट गनने जाळू नये. पृष्ठभाग ओला ठेवून, मास्क लावून, मुलांना दूर ठेवून काम करावे. जुना रंगीत पाळणा बाळासाठी पुन्हा वापरणार असाल, तर हे काम अजिबात टाळू नये, कारण लहान मूल पाळण्याची कड चावतेच.

वाड्यांच्या लाकडाला अनेकदा जवसाचे तेल किंवा कोकणात काजूच्या टरफलांचे तेल पाजलेले असते. अशा लाकडावर पॉलिश धरत नाही म्हणून कारागीर वैतागतात. ते आधी टर्पेंटाइनने पुसावे आणि पुन्हा तेलाचाच हात द्यावा, हे उत्तम. मात्र जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिशचे काम काढू नये. दमट हवेत चपडा आणि लॅकर दोन्ही पांढुरके पडतात.

वाड्याचा दरवाजा, तुळई आणि झोपाळा

दरवाज्याचे टेबल करण्याची टूम सध्या जोरात आहे. ६ फूट बाय ३ फूट आणि दीड इंच जाडीच्या भरीव सागवानी फळ्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते, आणि ते चार बारीक लोखंडी पायांवर ठेवले की टेबल सतत हलत राहते. खाली आडव्या पट्ट्यांची चौकट हवीच. दिल्ह्यांच्या खाचांत जेवणाचे कण साचतात, म्हणून वर टफन केलेली काच घ्यावी. करवत किंवा रंधा लावण्यापूर्वी संपूर्ण फळ्यावरून चुंबक फिरवावा, कारण मोडलेले खिळे चुन्याखाली दडलेले असतात.

तुळईची शेल्फ नव्या इमारतीच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर साध्या प्लास्टिक गिट्टीने बसवू नये. ती पुस्तकांसकट खाली येते. झोपाळ्याचे हूक फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यात नव्हे, तर आरसीसी स्लॅबमध्ये किंवा इमारतीच्या तुळईत असले पाहिजेत, आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीची असल्यास इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नये, कारण आत ताणलेल्या केबल असतात. जुन्या पितळी कड्यांच्या साखळ्या सुंदर असतात, पण प्रत्येक कडीचा झिजलेला भाग हाताने तपासावा.

मांडणी आणि देखभाल

जड, गडद रंगाची एक वस्तू दहा बाय बाराच्या खोलीला शोभा देते. चार वस्तूंची मात्र गोदामासारखी दाटी होते. न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून कपाट ठेवू नये. कुठल्याही भिंतीपासून दोनेक इंच जागा सोडावी, म्हणजे पावसाळ्यात मागे बुरशी धरत नाही. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन आणि एसीचा थेट झोत या दोहोंनी व्हिनियर उकलते आणि वेत ठिसूळ होतो. सैल पडलेली वेताची जाळी लगेच कापून टाकू नये. ती अखंड असेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने चांगली भिजवून सावलीत वाळवावी. बऱ्याचदा ती पुन्हा ताणली जाते.

परदेशी राहणाऱ्या नातलगांसाठी वडिलोपार्जित पेटारा किंवा कोरीव दरवाजा पाठवायचा असेल, तर आधी कायदा पाहावा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावे लागते. शिसव ज्या डालबर्जिया वंशात मोडते, त्या संपूर्ण वंशावर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियंत्रण आहे, त्यामुळे हलक्या वस्तू सोडल्या तर शिसवी फर्निचरला वेगळी परवानगी लागते. ही कागदपत्रे हाती येईपर्यंत पॅकिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.