स्पायका प्लास्टरचं अस्तर निवडताना या चुका टाळा

बाळाचा निखळलेला खुबा जागेवर बसवून स्पायका, म्हणजे कमरेपासून पायांपर्यंतचं प्लास्टर, घालायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो: साधं प्लास्टर की फायबर? रंगीत मिळेल का? पण साधारण तीन महिने बाळाच्या कातडीला चिकटून राहणार असतं ते आतलं अस्तर, आणि त्याची चौकशी क्वचितच होते.

'फायबर म्हणजे वॉटरप्रूफ' या समजुतीने सगळ्यात जास्त फसगत होते. फायबरग्लासचं कवच पाण्याने मऊ पडत नाही, हे खरं. पण त्याखाली नेहमीचं सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखं विणलेलं कापड) आणि कापसाचा रोल असेल, तर शू त्यात मुरते आणि आतल्या आत लवकर वाळत नाही. मग वास, पुरळ, सोलवटलेली कातडी. पॉलिस्टरचं पॅडिंग पाणी कमी धरतं, पण वॉटरप्रूफ तेही नाही. त्यासाठी गोरटेक्ससारखं खास अस्तर लागतं. त्यात पाणी मुरत नाही. निथळून जातं आणि उरलेली ओल वाफ होऊन निघते.

हे अस्तर हवं असेल तर भरती व्हायच्या आधीच ओपीडीत विचारा. रुग्णालयात मिळतं का, बाहेरून मागवायचं का, खर्च किती? बाळ भुलीखाली असताना सगळ्यात आधी अस्तर चढतं, त्यामुळे ते बदलायची संधी पुढे थेट प्लास्टर बदलताना येते, बहुधा सहा आठवड्यांनी.

महाग तेच घ्या असंही नाही. उघडी शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम भिजवायची नसते, मग वॉटरप्रूफचा निम्मा फायदा गेलाच. काही सर्जन साधं प्लास्टर पसंत करतात, कारण ते खुब्याभोवती नीट दाबून घडवता येतं. तिथे हट्ट धरू नका. 'जरा जाड गादी घाला हो डॉक्टर' हा आग्रहही नको: पॅडिंग जाड झालं की प्लास्टर सैल बसतं आणि बसवलेला सांधा सरकू शकतो. पुढे कापूस दबून फट पडली तर घरचा कापूस कोंबू नका. तो आत सरकतो आणि टोचत राहतो.

अस्तर कोणतंही असो, खरी लढाई डायपरची. लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचा, त्यावरून मोठा बांधा. दिवसा दर दोन-तीन तासांनी बदला, रात्रीही एकदा तरी उठून बघा. सुती लंगोट इथे उपयोगाचा नाही, ओल धरून बसतो. झोपवताना डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवली की शू पाठीकडे जात नाही. आजीला वाईट वाटलं तरी पावडर आणि तेल आत जाऊ देऊ नका. पावडरीच्या गुठळ्या होतात, तेलाने कातडी मऊ पडते. ओल सुकवायला हेअर ड्रायर वापरलात तर फक्त गार हवेवर. वॉटरप्रूफ अस्तर असलं तरी आंघोळ डॉक्टरांनी परवानगी दिली तरच.

पायाची बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, बाळ बोटं हलवेनासं झालं, सारखं उलटी करू लागलं, ताप आला किंवा आतून सडका वास येऊ लागला, तर अस्तराला दोष देत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोटांचा रंग बदलला असेल तर रात्र असली तरी निघा.