स्फोटात माणूस गमावलेल्या घराला वर्षानुवर्षं साथ देताना

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर, लोकलच्या फर्स्ट क्लास डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत 180 हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. त्या वेळी दोन वर्षांचं असलेलं पोर आज कॉलेज संपवून बसलंय. अशा घरांना कोणत्या मदतीचा खरंच उपयोग होतो, ते इथे नातेवाईक, शेजारी आणि गाडीतल्या ग्रुपसाठी लिहिलं आहे.

माणसांची गर्दी तेराव्यापर्यंत असते, फार तर वर्षश्राद्धापर्यंत. दुसऱ्या वर्षी घर रिकामं होतं आणि खरी ओढाताण तेव्हा सुरू होते. म्हणून पहिल्याच महिन्यात चार जणांनी बसून दोन वर्षांची कामं वाटून घ्या. कागदपत्रं एकाकडे, दवाखाना दुसऱ्याकडे, मुलांची शाळा तिसऱ्याकडे, बँक चौथ्याकडे. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, खचलेल्या माणसाला मागता येत नाही. "शनिवारी अकराला येतो, बँकेचं काम उरकू" असं सांगा आणि अकरालाच जा.

कागदांची एक फाइल आणि झेरॉक्सचे दोन संच करा: मृत्यूचा दाखला (मूळ प्रती किमान दहा), एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. जखमींसाठी डिस्चार्ज कार्डापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं ठेवा. रेल्वेतल्या अतिरेकी हल्ल्याचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात घटनेपासून एका वर्षात करायचा असतो. 2017 पासून मृत्यूची भरपाई 8 लाख रुपये आहे. पैसे आले की सासर-माहेरात कुरबुर सुरू होते, त्यामुळे रक्कम पत्नीच्या आणि मुलांच्या नावावरच मुदत ठेवीत टाका. पहिलं वर्षभर कुणाला उसने देऊ नका आणि न वाचता तिची सही कशावरही घेऊ नका.

वाचलेल्यांच्या बाबतीत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे कान. स्फोटाच्या दाबाने पडदा फाटतो, आतल्या नसेला इजा होते. माणूस हाकेला ओ देत नाही, चिडतो, गोंगाटात बसत नाही, आणि घरचे म्हणतात "स्वभावच बदलला". आधी श्रवणचाचणी करून घ्या. विसरभोळेपणा, सतत डोकेदुखी, चक्कर असेल तर मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा, कारण डोक्यावर जखम नसतानाही मेंदूला मार बसलेला असू शकतो.

गाडीची भीती "मन घट्ट कर" म्हटल्याने जात नाही, पायऱ्या पाडाव्या लागतात. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर उभं राहणं, दुपारी रिकाम्या फलाटावर बसणं, सोबतीने स्लो गाडीत एक स्टेशन, मग तीन स्टेशनं, मग एकट्याने, शेवटी संध्याकाळची गर्दी, आणि जमलं तरच फर्स्ट क्लास. प्रत्येक पायरीवर भीतीला 0 ते 10 गुण द्यायला सांगा. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं, लागला तर अर्धा-पाऊण तास. आठवड्यातून चार-पाच वेळा करायचं. इथे दोन चुका होतात. भीती ऐन भरात असताना पळून आलं की मन "पळालो म्हणून वाचलो" एवढंच शिकतं. आणि हौसेने थेट विरार फास्टमध्ये कोंबलं, तर महिन्यांची मेहनत वाया जाते. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडत असेल, भान हरपत असेल किंवा दारू वाढली असेल, तर हे सगळं मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. दिवाळीत सुतळी बॉम्ब कधी वाजणार हे सोसायटीने आधी ठरवून कळवलं तरी मोठा आधार होतो.

दुःख म्हणजे आजार नव्हे. पण महिन्याहून जास्त दचकणं, दुःस्वप्नं, टाळाटाळ चालू राहिली, किंवा वर्ष उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर उपचार लागतात. आघातावर बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती साधारण 8 ते 12 बैठकांची असते. सुरुवातीच्या दिवसांत माणसाला बळंच सगळा प्रसंग सांगायला लावू नका, त्याने फायदा होत नाही. झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवू नका आणि चालू असतील तर एकदम बंदही करू नका, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास फुकट, मराठीतही बोलता येतं.

मुलांना "बाबा गावाला गेलेत" सांगू नका. "गाडीत बॉम्ब फुटला, त्यात बाबा मेले, ते परत येणार नाहीत" एवढं स्वच्छ सांगा. लहान मूल तेच शंभरदा विचारेल, शंभरदा तेच उत्तर द्या. सातव्या, बाराव्या, सतराव्या वर्षी त्याचे प्रश्न बदलतात, तेव्हा पुन्हा बसून बोलायला हवं.

नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवा. यायचं की नाही हे तिला ठरवू दे, पण तिला वगळू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या जिन्यात ते करायला ठराव लागत नाही.

तारखांची वही ठेवा. 11 जुलै ठरलेली असते, तिथी दरवर्षी पुढेमागे सरकते, म्हणजे जखम वर्षातून दोनदा उघडते. त्यात वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस. श्रद्धांजलीला एकाला जायचं असतं, दुसऱ्याला स्टेशनचं नावही नको असतं. दोघांचंही बरोबर.

आणि निकालाचे दिवस. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडलं. एकोणीस वर्षांनी घराघरांत तीच संध्याकाळ परत आली. सावरणं निकालाला बांधून ठेवलं तर ते कोर्टाच्या तारखांवर अडकतं, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. पत्रकारांशी कोण बोलणार, की कुणीच नाही, ते आदल्या दिवशी ठरवा. टीव्ही बंद ठेवा. फोन एकाने सांभाळा. "आता काय वाटतं?" विचारू नका. शेजारी बसा, चहा करा, आणि तिसऱ्या दिवशी, फोन वाजायचे थांबल्यावर, जेवणाचा डबा घेऊन पुन्हा जा.