कीर्तन : आधी शब्द, मग मांडणी

कीर्तनाची पत्रिका छापायला देण्यापूर्वी एक तपासा : 'किर्तन' नव्हे, 'कीर्तन'. जोडाक्षरापूर्वीचा इकार मराठीत बहुधा ऱ्हस्व, म्हणून हात चुकतो. पण शब्द तत्सम आहे, त्याची 'की' दीर्घच. पाणिनीच्या धातुपाठात 'कॄत संशब्दने' असा धातू येतो. 'उपधायाश्च' (७.१.१०१) या सूत्राने त्यातल्या ॠचा इर् होतो, मग तो दीर्घ होऊन 'कीर्तयति' हे रूप बनते. संशब्दन म्हणजे मोठ्याने उच्चारणे, नाव घेऊन सांगणे. 'कीर्ती' याच धातूची. धातूच्या अर्थात गाण्याचा उल्लेखही नाही. शास्त्रग्रंथांत 'प्रकीर्तितः' म्हणजे नुसते 'असे म्हटले आहे'.

गुरुद्वाऱ्यात कीर्तन म्हणजे गुरबाणीचे गायन. विवरणाला तिथे 'कथा' हा वेगळा शब्द आहे. कर्नाटक संगीतात कीर्तन ही एक रचना. मराठी कीर्तनाने मात्र धातूचा सांगण्याचा अर्थ सोडला नाही, गाणे त्याच्या जोडीला घेतले. प्रवचनही सांगणेच, पण ते बसून करतात, कीर्तन उभ्याने. गळा बेताचा असला तरी नारदीय कीर्तन (आधी निरूपण, मग आख्यान असा मराठी कीर्तनाचा प्रकार) उभे राहते. निरूपण, म्हणजे अभंगाच्या अर्थाचा उलगडा, पोकळ असेल तर मात्र गोड गळ्यानेही ते सावरत नाही.

पहिले नारदीय कीर्तन ६० मिनिटांचे ठेवा : नमन ५, मूळपद (ज्यावर कीर्तन बेतायचे तो अभंग) ५, निरूपण १८, मध्यंतर ५, आख्यान (त्याला साजेशी कथा) २२, भैरवी आणि आरती ५. नमन ते निरूपण हा पूर्वरंग, आख्यान हा उत्तररंग. तयारी मात्र या क्रमाने करू नका. आधी मूळपद निवडा, मग त्याला साजेसे आख्यान. नवखे बुवा आवडते आख्यान आधी धरतात आणि अभंग नंतर शोधतात. मग पूर्वरंग एकीकडे, उत्तररंग दुसरीकडे.

उदाहरणादाखल तुकोबांचा 'जे का रंजले गांजले' घ्या. ध्रुपदात, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायच्या चरणात, सिद्धांत आहे : 'तोचि साधु ओळखावा'. निरूपण करताना एकेका शब्दाशी थांबा. 'ओळखावा' का म्हटले, 'पूजावा' का नाही? ओळखायचे तर खूण हवी, आणि खूण पहिल्या चरणात आहे : 'त्यासी म्हणे जो आपुले'. इथपर्यंत ८-९ मिनिटे सहज जातात. उरलेल्या वेळात दोन प्रमाणे आणि एक दृष्टांत पुरे. प्रमाण म्हणजे आधाराचे वचन. ते पाठ हवे, चिठ्ठीत नको. पाच-सहा प्रमाणे एकापाठोपाठ फेकली की पाठांतराचे कौतुक होते आणि अर्थ निसटतो.

आख्यान एकनाथांचे. रामेश्वरासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड, तापलेली वाळू, तहानेने तडफडणारे गाढव. नाथ कावड उतरवतात, तोपर्यंत चाल संथ ठेवा. पाणी गाढवाच्या तोंडात पडते, तिथे बोलणे थांबवा, दोन श्वास जाऊ द्या आणि 'तोचि साधु' उचला. इथे समजावत बसलात तर रंग गेलाच. 'हरदासाची कथा मूळपदावर' ही म्हण याच कसबातून आली. आज ती टोमण्यासारखी वापरतात, हा भाग वेगळा. आख्यानात साकी, दिंडी, आर्या, ओवी ही गायची वृत्ते पेरतात. नवख्याने एक दिंडी आणि दोन ओव्या घ्याव्यात. मराठी कीर्तन तंजावरला गेले, तेव्हा साकी आणि दिंडीही तमिळ हरिकथेत रुजल्या.

मध्यंतरात नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. (कीर्तनाच्या ठिकाणी बुक्का लावू नये, माळ घालू नये, असे तुकोबांनीच सांगितले आहे; यजमानांना ते कोण सांगणार?) सत्कार, देणगीदारांची नावे आणि सूचना इथे घुसतात आणि ५ मिनिटांची २० होतात. हे सगळे शेवटी, आरतीनंतर घ्यायचे, हे आधीच ठरवा.

पेटीची पट्टी (आपला 'सा' धरायचा स्वर) मैफलीत गाता त्याहून एक स्वर खाली धरा, कारण इथे तासभर बोलायचेही आहे. पुरुषांना साधारण काळी १ किंवा २, स्त्रियांना काळी ४ सोयीची पडते. पट्टी चढी राहिली तर निरूपणात आवाज ओरडल्यासारखा लागतो आणि आख्यानापर्यंत घसा बसतो. निरूपणाचे शेवटचे वाक्य षड्जावर, म्हणजे 'सा'वर, उतरवा, म्हणजे पेटीवाल्याला खूण मिळते आणि पद उचलताना चाचपडावे लागत नाही. झांज माइकपासून हातभर दूर ठेवा, नाहीतर शब्द बुडतात. पाणी कोमट.

हाच अभंग वारकरी कीर्तनाला घेतला, तर ही विभागणी सोडा. तिथे पूर्वरंग-उत्तररंग नसतो. अख्खे कीर्तन एका अभंगावर चालते आणि नाथांची कावड एका चरणापुरता दृष्टांत होते. मागे पखवाज, वीणेकरी आणि टाळकऱ्यांची रांग असते. चाल ते उचलतात, त्यामुळे कुठला चरण केव्हा घेणार, हे त्यांच्याशी उभे राहण्यापूर्वीच बोलून ठेवा.